मावशीचं मृत्युपत्र आणि मुलांचं हॉस्पिटल : सल्ला हवा आहे

परळची_भाची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. थोडा लांबेल, पण वाचा.

माझी मावशी ७८ वर्षांची आहे. महापालिकेच्या शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलं, त्यातली बहुतेक लालबाग-परळला. काका जाऊन २१ वर्षं झाली, मूलबाळ नाही. डोंबिवलीला वन बीएचके आहे. बँकेत एफडी, थोडं सोनं आणि देवरुखच्या वडिलोपार्जित घरात हिस्सा. गेल्या महिन्यात जेवताना तिनं एकदम सांगितलं, "सोनं तुम्हा पोरींना, देवरुखचं भावंडांना. घर विकून जे येईल ते आणि एफडी मुलांच्या हॉस्पिटलला. मृत्युपत्र करायचंय, तू माझ्याबरोबर ये."

यामागे एक जुनी गोष्ट आहे. तिच्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा किडनीच्या आजारानं परळला ॲडमिट होता, जवळजवळ तीन महिने. शाळा सुटली की मावशी पाटी घेऊन वॉर्डात जायची आणि त्याला अपूर्णांक शिकवायची. हळूहळू शेजारच्या खाटांवरची मुलंही जमायला लागली. तो मुलगा रोज विचारायचा, "बाई, माझी बाकावरची जागा कुणाला दिली नाही ना?" दिली नव्हती. वर्ष संपेपर्यंत ती रिकामीच राहिली. मावशी हे कधी बोलत नाही, मला आईनं सांगितलं.

माझे प्रश्न दोन. पैसे खरंच मुलांच्या कामी येतील असं मृत्युपत्र कसं लिहायचं? आणि नातेवाईक काय म्हणतील? दुसऱ्या प्रश्नाबद्दल खरं सांगते, तिनं सांगितलं तेव्हा क्षणभर माझ्याही पोटात काहीतरी हललं. त्याची लाज वाटली म्हणूनही इथे लिहितेय.

सातारकर

मावशींना नमस्कार सांगा. वाचून काही वेळ काही सुचलं नाही.

वकिलीण_बाई

दिवाणी कामं करते म्हणून लिहिते. आधी हे लक्षात घ्या की मावशींच्या बाबतीत मृत्युपत्र न करणं हाच मोठा धोका आहे. हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) कलम १५ प्रमाणे मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतः कमावलेलं नवऱ्याच्या वारसांकडे जातं. आईवडिलांकडून मिळालेलं तेवढं माहेरी परत येतं. म्हणजे पगारातून घेतलेलं डोंबिवलीचं घर दिराकडे किंवा त्याच्या मुलांकडे जाईल. तुम्हा भाच्यांचाही त्यावर हक्क नाही.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण गेलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत वैधव्य आलेली बाई. सासरच्यांनी घराबाहेर काढली, माहेरच्यांनी शिकवली, नोकरीला लागली. मृत्युपत्र न करता गेली. तिची स्वकमाई त्याच सासरच्यांना मिळाली, कारण कायदा तसा आहे आणि न्यायालयानं कायद्यापुढे सहानुभूती चालणार नाही असं म्हटलं. मी हे प्रत्येक नोकरी करणाऱ्या बाईला सांगते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण मावशींनी जरूर करावी. त्या दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की त्या पूर्ण भानावर आहेत. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातलं काहीच मिळणार नाही. म्हणजे तुम्ही नाही.

परळची_भाची

@वकिलीण_बाई, दिराशी गेली तीस वर्षं बोलणंच नाही! हे मावशीला आजच सांगते. एफडीवर माझं नॉमिनेशन आहे, त्याचं काय?

वकिलीण_बाई

नॉमिनी म्हणजे विश्वस्त. पैसे त्याच्या हाती येतात ते पुढे पोचवायला. लोकांना वाटतं नॉमिनी झाला की मालक झाला. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या वारसांमधल्या दाव्यात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही हेच स्पष्ट केलं. तेव्हा तुमचं नॉमिनेशन राहू द्या, मृत्युपत्रात मात्र एफडीचा स्पष्ट उल्लेख करा. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर नेमा, आणि तो आजारी पडला तर दुसरा कोण तेही लिहा.

घाटमाथा

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आजारी मुलांवर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. एका शिक्षिकेनं आयुष्यभर बचत करून ती उचलायची, आणि आपण टाळ्या वाजवायच्या? तोच पैसा घरातल्या एखाद्या मुलीच्या शिक्षणाला गेला तर काय बिघडलं?

जुना_फळा

@घाटमाथा, मीही निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषदेचा. सरकारची जबाबदारी आहे हे शंभर टक्के मान्य. पण शिक्षकाला घरातली मुलं आणि वर्गातली मुलं असा हिशोब करता येत नाही हो. माझ्या वर्गातून साधारण दीड हजार मुलं गेली असतील. तापानं फणफणलेल्या पोराला खांद्यावर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत चाललोय. मावशींना ती रिकामी जागा अजून दिसत असणार. ते काम त्यांना पुरं करू द्या.

बाळांचा_डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आहे, सार्वजनिक रुग्णालयात बरीच वर्षं काढली. पैसे कसे वापरले जातील याबद्दल जे पाहिलं ते लिहितो.

देणगीदाराला यंत्र द्यायचं असतं. यंत्र दिसतं, त्यावर नाव घालता येतं. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ आलेलं उत्तम मशीन चौदा महिने प्लास्टिकच्या आवरणात उभं होतं, कारण चालवणारा तंत्रज्ञ मंजूर नव्हता आणि देखभालीच्या वार्षिक कराराचे पैसे कुणी दिले नव्हते. त्याच वॉर्डात आम्ही नवजात बाळांसाठी कॅन्युला आणि सेन्सर पुरवून पुरवून वापरत होतो.

तेव्हा मृत्युपत्रात "अमुक मशीनसाठी" असं बिलकुल लिहू नका. मावशी आणखी वीस वर्षं जगोत, तोवर ते मशीन कालबाह्य झालेलं असेल. "गरजू बालरुग्णांचे उपचार, औषधे, पोषण आणि त्यांच्या पालकांचा निवास" असं उद्दिष्ट मोकळं ठेवा.

आणखी एक. मुलांच्या कर्करोगात रक्ताचा कर्करोग सगळ्यात जास्त दिसतो. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात. मुलं जातात ती कित्येकदा उपचार अर्धवट सुटल्यामुळे. बाप मजुरी सोडून मुंबईत किती महिने राहणार? घरी दुसरी दोन मुलं असतात. औषध फुकट मिळालं तरी राहायला जागा नसते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, म्हणजे तेवढ्याच वेळा एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

सातारकर

डॉक्टर, आमच्या गावच्या एका पोराचं अगदी हेच झालं होतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून आईबाप टिकले. पोरगा आता आयटीआय करतोय.

लोकल_९_०२

परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदनही आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तिथे राहिलो होतो. हॉस्पिटललाच द्यायचं असं नाही, अशा ठिकाणीही देता येईल की. टाटा कॅन्सर हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर अंथरूण टाकून झोपलेली मुलं ज्यानं पाहिली आहेत त्याला हे पटेल.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे वेगळं आहे म्हणून माहितीसाठी लिहिते. आमचा मूळ कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, आता २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा लागू आहे. मुलं किंवा आईवडील असतील तर अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीवच असतो, उरलेला अर्धाच आपल्या मर्जीनं देता येतो. बहुतेक लग्नांत नवराबायकोची मालमत्ताही अर्धी-अर्धी, त्यामुळे "माझं" म्हणजे नक्की किती, हे आधी मोजावं लागतं. माझी आत्या म्हापशाला शिक्षिका होती. तिनं सगळं संस्थेला द्यायचं ठरवलं होतं, नोटरीकडे गेल्यावर हे कळलं. मग अर्ध्यावर समाधान मानलं.

मावशींना अशी काही अडचण नाही, हे चांगलं आहे.

वसईची_वाट

मांडवीकाठताई, आमच्या ख्रिस्ती लोकांची गोष्ट याहून चमत्कारिक होती. १९२५ च्या त्याच कायद्यात कलम ११८ होतं. भाचा-पुतण्या किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल तर ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मृत्युपत्रानं काही देणं कठीण. मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं आणि सहा महिन्यांच्या आत ठरावीक ठिकाणी जमा केलेलं हवं. जगायला बारा महिने मिळतील हे कुणाला ठाऊक असतं?

माझ्या आजीची बहीण पॅरिशच्या शाळेत मास्तरीण होती, लग्न केलं नव्हतं. नव्वदच्या दशकात गेली, मृत्युपत्र करून पाच महिने झाले होते. मुलांच्या दवाखान्यासाठी ठेवलेली रक्कम कायद्यानं पुतण्यांकडे आली. माझे पप्पा आणि काका एका संध्याकाळी ओटीवर बसले, फार बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पैसे दवाखान्यात नेऊन दिले.

केरळच्या जॉन वल्लामट्टम या धर्मगुरूंनी त्या कलमाला आव्हान दिलं आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पप्पांनी ती बातमी कापून आजीच्या बायबलमध्ये ठेवली होती.

सातारकर

तुमच्या पप्पांना साष्टांग.

मुळामुठा

मी पुतण्याच्या बाजूनं लिहितो. इथे कुणीतरी लिहायला हवं.

माझ्या काकूही शिक्षिका. शेवटची नऊ वर्षं त्या आमच्याकडे होत्या. डायपर, रात्रीची जागरणं, फिजिओथेरपी, सगळं मी आणि बायकोनं केलं. पैशांसाठी केलं नाही. त्या गेल्यावर अकराव्या दिवशी वकिलांचा फोन आला की सगळं एका संस्थेला दिलं आहे. संस्था चांगली आहे, आजही मी तिथे दरवर्षी माझ्याकडून थोडंफार देतो. पण काकूंनी मला एकदा जवळ बसवून सांगितलं असतं तर! त्यांना वाटलं असेल मी अडवीन. नऊ वर्षांत एवढीही ओळख झाली नाही का, हे मनातून जात नाही.

भाची ताई, मावशी तुम्हाला स्वतः सांगतायत, बरोबर ये म्हणतायत, ही मोठी गोष्ट आहे. बाकीच्या भावंडांनाही त्यांच्याच तोंडून कळू दे.

परळची_भाची

@मुळामुठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. येत्या रविवारी सगळ्यांना घरी बोलावतेय.

घाटमाथा

मुळामुठा, धन्यवाद. मला म्हणायचं होतं ते तुम्ही नीट मांडलंत. माझा विरोध मावळला असं नाही, पण वसईच्या ओटीवरचा प्रसंग वाचून गप्प बसावंसं वाटलं.

जुन्या_मुंबईचा

थोडं विषयांतर, पण परळचंच. हा सगळा परिसर मृत्युपत्रांवर आणि देणग्यांवर उभा आहे. केईएमला लागून असलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ सालचं. गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून आलेल्या पैशाला एक अट होती, शिकवणारे सगळे भारतीय हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. त्या काळात वरच्या जागा गोऱ्यांना राखीव असल्यासारख्या होत्या. बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ चं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले, आपली संपत्ती ट्रस्टला ठेवून. त्या ट्रस्टनं १९४१ साली टाटा मेमोरियल उघडलं.

आणि केईएम-वाडियाच्या दारातल्या रस्त्याचं नाव काय? आचार्य दोंदे मार्ग! दोंदे म्हणजे प्राथमिक शिक्षकांची संघटना बांधणारे. परळला शिकवणाऱ्या मावशींना हे मी सांगायला नको.

गोरधनदासांच्या पैशाची अट बघा. कुठली इमारत, कुठलं यंत्र असलं काही नाही, कुणाच्या हातात विद्या जावी एवढंच. म्हणून ती टिकली.

बाळांचा_डॉक्टर

@जुन्या_मुंबईचा, उत्तम आठवण. मृत्युपत्रातून नाही, पण अशीच हेतूला धरून सुरू झालेली एक गोष्ट म्हणजे शीवच्या (सायन) रुग्णालयातली मातृदुग्धपेढी. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आशियातली पहिली. पाश्चरीकरणाचं यंत्र, डीप फ्रीजर आणि समजावून सांगणाऱ्या परिचारिका, एवढ्यावर कमी दिवसांची बाळं जगतात.

कोथरूडची_चिमणी

सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलला मृत्युपत्रानं द्यायचं कसं? चेक कुणाच्या नावानं? माझ्या आईचाही असाच विचार आहे.

बाळांचा_डॉक्टर

मुंबईत पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो, गरीब रुग्णांसाठीच. समाजसेवा विभागात जाऊन बोला, तिथल्या समाजसेविका सगळं समजावून सांगतात, आणि कुठल्या खाटेवरच्या मुलाचं काय अडलंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ट्रस्टच्या रुग्णालयांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, नोंदणी क्रमांक मागून घ्या. तिथे कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्या खरोखर दिल्या जातात का हे विचारायला देणगीदारानं संकोच करू नये.

वकिलीण_बाई

मसुद्यासाठी पुढचं सांगून ठेवते. संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि क्रमांक लिहा. "परळचं मुलांचं हॉस्पिटल" असं लिहिलेलं मृत्युपत्र मी पाहिलंय, त्यावर चार वर्षं गेली. रकमा लिहू नका, हिस्से लिहा, कारण व्याज आणि घराचे भाव बदलत राहतात. ती संस्था तेव्हा नसेल तर दुसरी कुठली, हेही घाला. आणि एक ओळ हमखास राहते, "वर उल्लेख नसलेली उर्वरित मालमत्ता अमुक यांना".

८०जी ची आयकर सवलत हयातीत दिलेल्या देणगीवरच मिळते, तीही दोन हजारांवरची रक्कम रोख दिली तर नाही. म्हणून माझ्या अशिलांना मी सुचवते की थोडं आत्ता द्या. सवलत हे निमित्त. दोन वर्षं पैसे कसे वापरतात ते डोळ्यांनी बघा आणि मग मृत्युपत्रातलं नाव पक्कं करा. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं.

जुना_फळा

वकिलीणबाईंचं हे शेवटचं लाख मोलाचं. मावशींनी स्वतः जाऊन बघावं. गणिताच्या बाई आहेत, ताळा घेतल्याशिवाय उत्तर लिहिणार नाहीत.

कॅनडाकाकू

इकडे टोरंटोत मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात दीर्घकाळ राहणाऱ्या मुलांसाठी शिक्षक येतात. माझा धाकटा पाच आठवडे होता तेव्हा त्याच्या खाटेवर गृहपाठ व्हायचा, आणि तेवढा वेळ तो "पेशंट" नसायचा. मावशींनी जे पाटी घेऊन केलं तेच हे. औषधांबरोबर त्यासाठीही थोडा हिस्सा ठेवता येईल का?

परळची_भाची

कॅनडाकाकू, हा प्रतिसाद मावशीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "पुन्हा वाच."

परळची_भाची

सात आठवड्यांनी परत आलेय. बऱ्याच जणांनी खाजगी निरोपात विचारलं म्हणून सगळं लिहिते.

रविवारी सगळे जमले. मावशीनं स्वतः सांगितलं, आणि दिराच्या मुलालाही तिनंच फोन करून बोलावलं होतं! तो आला. काही मागितलं नाही, काकांचा एक जुना फोटो तेवढा मागून घेतला. माझ्या मामेभावाला राग आला होता, अजून आहे. मावशी त्याला म्हणाली, "तुला राग यायचा हक्क आहे, पण मला विचार मात्र." तो परवा पुन्हा येऊन दोन तास बसला.

मग आम्ही दोन ठिकाणी गेलो. समाजसेवा विभागात मावशीनं वहीच काढली. महिन्याला किती मुलं, किती जणांचे उपचार मध्येच सुटतात, का सुटतात, सगळं लिहून घेतलं. वॉर्डात कोपऱ्यात मुलांसाठी खेळायची जागा होती. तिथे फळा लावायचा का, असं तिनं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, खडूची धूळ या मुलांना चालणार नाही, पांढरा बोर्ड आणि पुसता येणारं पेन चालेल. मावशीला ते काही आवडलं नाही. बाहेर येईपर्यंत गप्प होती. मग रिक्षात म्हणाली, "पांढरा तर पांढरा. अपूर्णांक तेच आहेत."

शेवटी असं ठरलं. पन्नास टक्के उपचार आणि औषधांना, तीस टक्के पालकांच्या राहण्या-जाण्याला, वीस टक्के वॉर्डातल्या शिकवण्याला. पर्यायी संस्था लिहिली, उर्वरित मालमत्तेची ओळ घातली. एफडीपैकी एक आत्ताच मोडून दिली, पुढच्या जूनला हिशोब बघायला जाणार आहोत.

वकिलीण_बाई

फार छान झालं. साक्षीदार कोण घेतले? वयानं लहान घ्या, पुढे न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर हयात हवेत.

परळची_भाची

तिचे दोन विद्यार्थी. एक बेस्टमधून निवृत्तीला आलेला, एक बँकेत. दोघंही त्याच सहावीच्या वर्गातले. नोंदणी कार्यालयात मावशी आत आली तेव्हा दोघे उठून उभे राहिले आणि ती "बसा" म्हणेपर्यंत उभेच होते. सही करताना बँकेतल्यानं विचारलं, "बाई, तो खिडकीजवळचा तिसरा बाक ना?" मावशी म्हणाली, "दुसरा."